रूपचंदभाऊंच्या मशीनची पट्टी

…नाही, नाही, चूक रूपचंदभाऊंची नव्हतीच, तुम्हाला सांगतो, मुळीच नव्हती! लोकांना काय, बोलायला काय जातं… 'एवढी बढाई मारायची कशाला,' म्हणे. अहो, मुलीच्या सासरी, व्याह्यांच्या ओट्यावर, लोडाला टेकून बसलाय माणूस, बशीत गरम चहा ओतलाय, समोर व्याह्यांची अख्खी भावकी बसलीय, आणि मागच्या अंगणात भलीमोठी चिंच आडवी पडलीय… अशा वेळी ज्याच्या घरी झाड कापायचं मशीन आहे तो गप्प बसेल? तुम्ही बसाल? मी तर नसतो बसलो. आणि हे सगळं रामायण कशावरून, तर एका पट्टीवरून. दोन हात लोखंडाची पट्टी, तुम्हाला सांगतो… दोन हात!

कोण रूपचंदभाऊ म्हणता? आमच्या कळसाडीचे हो. कापूस, ऊस, खाऊन-पिऊन सुखी घर, बायको शांतीबाई, एकुलती एक मुलगी सिंधू, ती दिलेली सारंगखेड्याला रतिलालभाऊंच्या घरी. सगळं छान. फक्त एक खोड… पडवीत ते मशीन. लढाई संपल्यावर मिलिटरीचा जुना माल लिलावात निघाला, तेव्हा सातपुड्यात साग तोडणाऱ्या कुण्या ठेकेदारानं झाडं कापायची दोन मशीनं आणली, अगदी जुळी, एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. त्यातलं एक म्हणे डोंगरातच कुठंतरी बिघडलं, ठेकेदाराचं मन उठलं, आणि दुसरं त्यानं रूपचंदभाऊंच्या गळ्यात मारलं. आता कळसाडीत कापायचं काय? ऊस? पण घेतलं. शांतीबाई रोज विचारायच्या, "हाई कसाले लयनात?" कशाला आणलं म्हणून, आणि भाऊ म्हणायचे, "कामले ई." कामाला येईल, म्हणून दहा-बारा वर्षं ते पडवीत गोणपाट पांघरून बसलेलं.

मशीन कसं, तर एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं. इंजिनातून पुढं निघालेली लांब लोखंडी पट्टी. पट्टीच्या कडेला सगळीकडून खाच, त्या खाचेतून दातेरी साखळी गरगर पळते. पट्टीच्या शेवटाला मूठ, ती धरायला दुसरा माणूस. म्हणजे कापते साखळी, पण साखळीला वाट देते ती पट्टी. पट्टी गेली की मशीन म्हणजे नुसता आवाज. हे ध्यानात ठेवा, कारण हे रूपचंदभाऊंच्या ध्यानात फार उशिरा आलं.

तर नवरात्राच्या तोंडाशी वादळ झालं, आणि रतिलालभाऊंच्या मागच्या अंगणातली आजोबांच्या वेळची चिंच मुळासकट आडवी. पडली ती कुठं पडली? मागचं दार आणि विहीर यांच्या बरोबर मधे. म्हणजे दारातून विहीर दिसते, पण जाता येत नाही. पाणी आणायचं तर पुढच्या दारानं निघा, गल्लीनं वळसा घाला, मारुतीच्या पारावरून पुन्हा आत या. आणि सिंधूला सातवा महिना! बापाला घोर लागणार की नाही? रतिलालभाऊ म्हणाले, उद्या करवतवाले बोलावतो. आणि इथं, तुम्हाला सांगतो, इथं रूपचंदभाऊंनी बशी खाली ठेवली. "याही, करवतवाला कसाले? घरनं मशीन शे ना आपलं! तुमना च्या थंडा व्हवाव नही, तितलामा तुकडा करी टाकसू." झालं! चहा थंड व्हायच्या आत तुकडे! रतिलालभाऊ पडले मर्यादेचे माणूस, दोन्ही हात जोडले, "तुमना शब्द शे ना, मंग या झाडले दुसरा कोनी हात लावाव नही." त्या वेळी हे वाक्य सगळ्यांना फार गोड वाटलं. त्या वेळी.

मग काय विचारता… मशीन बैलगाडीत चढवलं, बैलांच्या शिंगांना रंग, शांतीबाईंनी इंजिनाला कुंकू लावलं, घरचा सालदार गडी छगन पट्टीच्या मुठीपाशी नवरदेवासारखा बसलेला. सारंगखेड्यात ही गर्दी! पोरं भिंतींवर, म्हातारे पारावर, बायका छतांवर. भाऊंनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खोकल्यासारखं काहीतरी झालं. पुन्हा ओढली… आणि जे धडधडलं ना, अहो, गल्लीतली घोडी सुटली, कोंबड्या कौलांवर, एक म्हातारी 'विमान उनं' म्हणून घरात पळाली. साखळी लागली खोडाला, भुसा उडाला, लोक मागं सरकले, भाऊंची छाती पुढं आली. आणि एवढ्यात खण्ण… कर्रर्र… आणि पट्टी मधोमध वाकून तडकली.

आता मला सांगा, चिंचेच्या पोटात लोखंड असेल हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल? पण होतं! रतिलालभाऊंच्या आजोबांनी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत पाहुण्यांची घोडी बांधायला खोडात ही एवढी जाड लोखंडी कडी ठोकली होती. चिंच वाढत गेली, कडी गिळून बसली, आजोबा गेले, वडील गेले, कडी कुणाच्या लक्षातच नाही. रूपचंदभाऊंच्या मशीनला मात्र ती बरोबर सापडली. भाऊ नुसते बघत उभे, तोंडाचा आ झालेला, हातात दोरी. इंजिन अजून धडधडतंय, कारण ते बंद कसं करायचं हे सुचायला भान तर पाहिजे!

रागावले असते व्याही, तर बरं झालं असतं. दोन शब्द बोलले असते, आपण चार ऐकून घेतले असते, मोकळं झालो असतो. पण नाही. रतिलालभाऊ म्हणाले, "व्हस असं. च्या घ्या." आणि पंचाईत इथंच आहे, नीट ऐका. रतिलालभाऊ करवतवाले बोलावू शकत नाहीत, कारण व्याह्यांनी शब्द दिलाय, दुसऱ्याला बोलावलं तर व्याह्यांचा अपमान. रूपचंदभाऊ 'करवतवाले बोलवा' म्हणू शकत नाहीत, कारण म्हटलं की नाक कापलं. दोघेही एकमेकांची अब्रू जपतायत, आणि चिंच मधे आडवी! निघताना सिंधू गाडीपाशी आली. भाऊंनी हळूच विचारलं, विहीणबाई काही बोलल्या का? ती म्हणाली, "नही आबा. काहीच बोलत नही." झालं ना… काहीच बोलत नाहीत! विहीणबाई, ज्यांच्या तोंडाला अख्खी गल्ली भिते, त्या काहीच बोलत नाहीत! रूपचंदभाऊंना रात्रभर डोळ्यांपुढं एकच दिसे, अवघडलेली सिंधू डोक्यावर हंडा घेऊन मारुतीच्या पारावरून वळसा घालतीय आणि सासू दारात उभी राहून गप्प बघतीय. म्हातारा बाप उशीवर तोंड दाबून रडला हो. यात्रेच्या आत, पाहुणे यायच्या आत, पट्टी आणायचीच, असं त्यानं ठरवलं. आणायची तर काय, सोनं थोडंच आणायचंय? दोन हात लोखंडाची पट्टी, दोन हात!

पहिल्यांदा गेला भिला लोहाराकडे. भिला म्हणाला, "भाऊ, हाई ते बैलगाडीनी धावना तुकडा शे, आते करी देस." गाडीच्या चाकाची जुनी धाव घेतली, तापवली, ठोकली, सरळ केली, भोकं पाडली, आणि काय पट्टी केली म्हणून सांगू, आरशासारखी. बसवली. बसली. साखळी चढवली. चढली. भाऊंनी दोरी ओढली आणि साखळी जी सुटली ती सरळ शांतीबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर! तीन लुगड्यांच्या चिंध्या करून ती लिंबावर जाऊन लटकली. का? तर खाच! भिलानं पट्टी केली, पण कडेला खाचच नाही. साखळी पळणार कशातून? भिला वर बघत म्हणतो, "खाच बी लागस का?" म्हणजे बघा… विचारायचं होतं आधी! शांतीबाई लिंबाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आते सिंधूनी सासूगत मी बी गप्प ऱ्हासू."

मग भाऊ निघाले नंदुरबारला. मोडकी पट्टी नमुना म्हणून बरोबर, लाल फडक्यात गुंडाळलेली. एस.टी.त लोक त्या लांब लाल बोचक्याकडे बघून बाजूला सरकतायत, एका बाईनं तर देवाची तलवार समजून नमस्कारच केला. भाऊंनी तिला कशाला सांगावं? बसायला जागा तरी मिळाली. तापी ओलांडली, नंदुरबारात लोखंडाची होती नव्हती तेवढी दुकानं पालथी घातली. एक म्हणतो, असली पट्टी उसाच्या चरकाची असते. दुसरा म्हणतो, ही रेल्वेची आहे, तुम्ही कुठून आणली? आणि 'पोलीस' असं काहीतरी पुटपुटला. तिसऱ्यानं खरोखर पट्टी काढली हो! खाचेची, नवी कोरी, तेल लावलेली! भाऊंच्या डोळ्यांत पाणी. मग आपल्या पट्टीला लावून बघितली… चार बोटं आखूड आणि भोकं भलतीकडेच. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा ना भाऊ, बसेल की, थोडी वाकवून." लोखंडाची पट्टी वाकवून! अरे, वाकलीय म्हणूनच तर आलोय!

त्यानंच सुरतेचा पत्ता दिला. तेव्हा गुजरात नुकतंच वेगळं झालेलं, काल-परवापर्यंत एकाच राज्यातलं गाव आणि आता परराज्य, भाऊ रेल्वेतून उतरताना घाबरत उतरले, कुणी हटकलं तर? कुणी हटकलं नाही, उलट भजी खायला घातली. त्या सुरतेच्या भंगार बाजारात, तुम्हाला सांगतो, काय नव्हतं? जहाजाचे नांगर, तोफेचं चाक, साहेबाच्या बंगल्यातला न्हाणीचा टब… आणि मिलिटरीच्या मालाचा एक म्हातारा व्यापारी, चष्मा कपाळावर, पट्टी बघून हसला. "आ तो लडाई नुं मशीन छे. माल मळी जशे." माल मिळेल म्हणतो! भाऊ पाया पडायच्या बेतात. म्हातारा म्हणतो, "नंबर बोलो." कसला नंबर? "मशीन ऊपर पितळ नी पाटी होय ने, एना पर नंबर. नंबर वगर कंई नै थाय, पाच जात नी पट्टी आवे छे." भाऊ आले तसे परत कळसाडीला, नंबर बघायला.

गोणपाट काढलं. पितळी पाटी होती ना! लखलखत होती! आपलं तोंड दिसेल इतकी लखलखत होती… आणि तिच्यावर एक अक्षर नाही. एक रेघ नाही! भाऊ खालीच बसले. "शांती, आठे काही लिखेल व्हतं ना?" शांतीबाई म्हणाल्या, "व्हतं की. मळ बसेल व्हता त्यामा. मी काढा." म्हणजे काय, कळलं ना? दर दसऱ्याला घरात औत, कोयते, विळे, सगळ्यांची पूजा, तशी मशीनचीही पूजा. आणि पूजा म्हणजे शांतीबाईंची पूजा, आधी घासणं. दहा-बारा दसरे त्यांनी ती पाटी चिंच आणि राख लावून घासली हो… चिंच लावून! ज्या चिंचेपायी पट्टी गेली तिच्याच बोटभर गोळ्यानं नंबरही गेला. आता चिडायचं कुणावर? त्यांच्यावर? त्यांनी तर नवऱ्याची वस्तू देवासारखी ठेवली होती. सुरतेच्या म्हाताऱ्याला ही गोष्ट सांगायला भाऊ पुन्हा गेले, तो इतका हसला की चष्मा कपाळावरून खाली आला. मग डोळे पुसत म्हणाला, या मशीनचं जोडीदार मशीन कुठं आहे? त्याची पट्टी काढून लावा, जुळ्याची पट्टी जुळ्याला बसणारच.

अहो! डोंगरातलं मशीन! कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भाऊ तडक अक्कलकुव्याला. बाजाराचा दिवस, लाकडाच्या वखारीतला मुकादम तंबाखू मळत बसलेला. "मशीन? ते ठेकेदारानं विकलं भंगारात, इंजिन-बिंजिन सगळं." आणि पट्टी? "पट्टी राहिली म्हणे वर डोंगरात, ती काही आली नाही." आली नाही म्हणजे? "म्हणजे आली नाही!" आणि त्यानं बाजाराला आलेल्या एका माणसाकडे बोट केलं, जामसिंग पावरा, पट्टी राहिली त्या डोंगरातल्या गावचा कारभारी. उंचापुरा, खांद्यावर घोंगडी, बाजारापुरती अहिराणी बोलणारा. भाऊंनी लाल फडकं सोडून मोडकी पट्टी दाखवली. जामसिंगनं तिच्यावरून हात फिरवला, भाऊंच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "अशी शे. आमना गावनी शिववर. चाला, दखाडस." चाला म्हणजे किती चाला, ते विचारू नका. लाकडाच्या रिकाम्या ट्रकमधून, मग गाडीवाटेनं, मग नुसत्या वाटेनं, मग वाट पण नाही. भाऊंचं धोतर काट्यांत, जीव गुडघ्यांत. आणि डोळ्यांसमोर सिंधू, हंडा, पार.

शेवटी शीव आली. जामसिंग म्हणाला, आधी देवाला हात जोडा, मग गावात पाऊल. समोर म्हणजे एक राक्षसी मोहाचं झाड, खाली शेंदराचं काहीतरी, नारळाच्या करवंट्या, कोंबडीची पिसं. भाऊंनी नीट बघितलंही नाही हो, दमलेला, काळजीनं खाल्लेला माणूस, त्यानं डोळे गच्च मिटले, हात जोडले आणि मनापासून नवस बोलला, मोठ्यानं बोलला, जामसिंगनं ऐकला, तिथल्या शेरडांनी ऐकला… "देवा, मन्ही पोर अडकेल शे. माले पट्टीपाशी पोचाड. पोचाडं ना, तं मशीन तुन्हा पायपाशी आनी ठेवसू." आणि डोळे उघडले. म्हणाले, "चाला. कोठे शे पट्टी?" जामसिंग म्हणाला, "आते हात जोडात ना… तीच."

मी म्हणतो, त्या क्षणी माणसाचं हृदय बंद कसं पडलं नाही? मोहाच्या खोडात, छातीएवढ्या उंचीवर, पट्टी! खोल आत घुसलेली! मूठ-बिठ झाडाच्या पोटात, इंजिनाला जोडायचं टोक तेवढं बाहेर, आणि त्या टोकाला शेंदूर, दोन भोकांचे दोन डोळे, वर झेंडूची माळ. भाऊंनी आपली मोडकी पट्टी शेजारी धरली. तीच भोकं, तेच अंतर, तीच रुंदी. तंतोतंत! दोन हात लोखंडाची पट्टी, अख्ख्या मुलखात एकच, आणि ती देव होऊन बसलेली!

आता तुम्ही म्हणाल, त्या लोकांना ठाऊक नसेल. चांगलं ठाऊक होतं! जामसिंगनं सगळं सांगितलं. ठेकेदाराची माणसं मशीन घेऊन आली, साग संपवला, मग म्हणाली, हा मोहही पाडू. मोह म्हणजे त्यांची फुलं, त्यांचं तेल, त्यांचं अर्धं पोट. बायका आडव्या झाल्या, कुणी ऐकेना. मशीन लावलं, पट्टी निम्म्यावर गेली आणि खोड जे खाली बसलं, त्यानं पट्टी धरली. ओढा ओढा ओढली, पहारी घातल्या, बैल लावले… सोडेचना. शेवटी इंजिन सोडवून न्यावं लागलं आणि पट्टी तिथंच. झाडानं पुढं साल धरली, जखम भरली, पट्टी आत. जामसिंग म्हणाला, "मशीननी पट्टी शे, आमले मालूम शे. पन तिनामुळे मशीन थांबनं, झाड ऱ्हायनं. मंग देव नही त काय? हाऊ देव पावस." पावतो म्हणे, नवसाला! तरी भाऊ बिचारे म्हणाले, काढता येईल का हो, तात्पुरती? जामसिंग शांतपणे म्हणाला, काढायची तर झाड कापावं लागेल. बरोबर आहे! आणि झाड कापायला काय लागेल? मशीन! आणि मशीनला काय लागेल? पट्टी! आणि पट्टी कुठं आहे? झाडात! भाऊ मोहाखाली बसले आणि हसायला लागले, मग हसता हसता रडायला लागले. जामसिंगनं पाणी दिलं, भाकरी दिली, आणि निघताना नम्रपणे आठवण दिली, "भाऊ… देवनी पोचाडं. तुम्ही काय बोलनात, ध्यानमा ऱ्हाऊ द्या."

परत आले तोवर दत्तजयंती, म्हणजे यात्रा, उद्यावर. सारंगखेड्यात घोडीच घोडी, पांढरी, काळी, नाचणारी, तंबू, धूळ, गुलाल. भाऊंनी मनाशी पक्कं केलेलं, व्याह्यांच्या पायांवर पागोटं ठेवायचं आणि म्हणायचं, नाक गेलं तर गेलं, करवतवाले बोलवा, माझ्या पोरीला मोकळं करा. पुढच्या दारानं आत, ओसरी ओलांडली, मागचं दार उघडलं… चिंच नाही! अहो, नाही म्हणजे नाही! स्वच्छ अंगण, सारवलेलं, एका बाजूला ओंडक्यांची रास, विहीर डोळ्यांसमोर, आणि पाहुण्यांची घोडी ओळीनं बांधलेली. भाऊंना वाटलं, घर चुकलो. तेवढ्यात रतिलालभाऊ भल्यामोठ्या आवाजात पाहुण्यांना सांगत आले, "हाई देखा, हाईच आमना याही! यासनाच मशीननी चिंच कापी, च्या थंडा व्हवाना पहिले!" आणि भाऊंकडे बघून डोळा मारला. मर्यादेचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा डोळा मारत असावा, तोही दोन्ही डोळे मिटून मारला!

झालं होतं काय, ते सिंधूनं चुलीपाशी सांगितलं. विहीणबाई गप्प होत्या ना? त्या गप्प होत्या कारण पाणी त्या स्वतः आणत होत्या! पहिल्या दिवसापासून! सुनेला हंड्याला हात लावू दिला नाही, पहाटे उठून मारुतीच्या पारावरून स्वतः वळसे घातले, आणि धाप लागली की बोलायला श्वास कुठला? शेवटी गुडघे सुजले तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या, तुमची मर्यादा तुमच्यापाशी ठेवा, यात्रेला आलेले करवतवाले मी बोलावते, आणि नाव व्याह्यांच्या मशीनचं सांगा, म्हणजे त्यांची अब्रूही राहील आणि माझे पायही राहतील. करवतवाल्यांनी पाचरी ठोकून झाड उभंच चिरलं, कडी आपोआप बाहेर पडली. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक, पण एकानं तोंड उघडलं नाही, व्याह्यांची अब्रू म्हणजे गल्लीची अब्रू. रूपचंदभाऊ विहीणबाईंसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. त्या म्हणाल्या, "बसा. च्या थंडा व्हई ऱ्हायना."

इथं संपायला हवं होतं की नाही? सांगा ना, संपायला हवं होतं! पण यात्रेत बातमी पसरली. अशी पसरली की रूपचंदभाऊंना बाजारात चालणं मुश्कील! शिरपूरकडचा एक पाटील म्हणतो, "भाऊ, आमना वडना झाडले कधी येतस?" दुसरा म्हणतो, वीस बाभळी आहेत. तिसरा म्हणतो, शाळेच्या छपरावर पिंपळ टेकलाय, मुलं बाहेर बसतायत, पुण्य लागेल. नाही म्हणावं तर रतिलालभाऊ खोटे पडतात, हो म्हणावं तर मशीनला पट्टी नाही! भाऊ पाहुणे दिसले की घोड्यांच्या आड लपायला लागले. शेवटी कळसाडीला लोक घरी यायला लागले, ओट्यावर बसायला लागले, तेव्हा शांतीबाईंनीच वाट काढली. म्हणाल्या, "देवना पुढे काय बोलनात? मशीन पायपाशी ठेवसू. मंग ठेवा ना! देवले दिधं, आते कोन मांगी?" अहो, देवाला दिलेली वस्तू कोण मागणार? कुणाची हिंमत?

मग पुन्हा बैलगाडी, पुन्हा शिंगांना रंग, पुन्हा ट्रक, आणि वर बांबूला बांधून खांद्यांवर. जामसिंगचं गाव ढोल घेऊन सामोरं आलं. भाऊंनी इंजिन मोहाच्या बुंध्याशी ठेवलं, नारळ फोडला आणि माघारी वळणार… तर राहवेना हो. ज्या माणसानं त्या पट्टीपायी सुरत, नंदुरबार, अक्कलकुवा पालथं घातलं त्याला राहवेल कसं? म्हणाले, जामसिंगभाऊ, एकदा नुसतं लावून बघू? चौघांनी इंजिन उचललं, टोकाला भिडवलं… आणि बसलं! भोकात भोक, खाचेत खाच, एका केसाचा फरक नाही! भाऊंनी स्वतःच्या हातानं बोल्ट आवळले. लोकांनी शेंदूर लावला. शांतीबाईंनी पितळी पाटी पदरानं पुसली, शेवटची. आणि मशीन तिथंच राहिलं, पट्टीसकट, मोहाच्या पोटाला जोडलेलं, चालू करायची सोय नाही.

अजून आहे, जाऊन बघा. सिंधूला मुलगी झाली, तिला घेऊन सगळे पाया पडून आले, व्याही-विहीणसुद्धा. आणि भाऊ दर साली नारळ घेऊन जातात, स्वतःच्याच मशीनपुढं हात जोडायला. परवाच्या यात्रेत पुन्हा कुणीतरी गाठलंच त्यांना, म्हणाला, "काय भाऊ, ते मशीन चालस का आजून?" रूपचंदभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली, एक उसासा सोडला आणि म्हणाले, "चालत नही भाऊ… पावस."